उजेड वाढवा, दिवा जपा

सणाच्या दिवशी मोहल्ल्यात रोषणाई होते. मशिदीच्या मिनारांवर, दुकानांवर आणि घरांच्या गच्चीवर रंगीत माळा झगमगतात. तुम्ही घरी बोलता तो ‘रोशनी’ हा शब्द आणि मराठीतला ‘रोषणाई’ हा शब्द एकाच कुळातले आहेत. आज या माळांमध्ये बहुधा एलईडी दिवे असतात. एलईडी म्हणजे प्रकाश देणारा डायोड. तो ज्वारीच्या दाण्याएवढा असतो, किंवा त्याहून थोडा मोठा.

एलईडीमध्ये तापून उजळणारी तार नसते. त्यात अर्धवाहक पदार्थाचा एक बारीक कण असतो. त्यातून योग्य दिशेने वीज गेली की तो कण प्रकाश देतो. डोळ्यांना दिसेल असा लाल प्रकाश देणारा एलईडी अमेरिकेतील शास्त्रज्ञ निक होलोन्याक यांनी 1962 साली तयार केला. तेजस्वी निळा एलईडी तयार व्हायला मात्र आणखी तीस वर्षे लागली. त्या कामाबद्दल इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या तिघांना 2014 साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्या एलईडीमुळेच घरातले पांढरे एलईडी दिवे शक्य झाले.

समजा, आपल्याला सायकलीच्या मागे लावण्यासाठी एक लाल दिवा बनवायचा आहे. अंधाऱ्या रस्त्यावर मागून येणाऱ्या ट्रकचालकाला सायकल दुरूनच दिसली पाहिजे. येथे उजेड ही शोभेची गोष्ट नाही. त्यावर सायकलस्वाराचा जीव अवलंबून असतो. मग दिवा जास्तीत जास्त तेजस्वी कसा करावा?

“बॅटरीचा जोर वाढवा,” असे कोणीही चटकन म्हणेल. जुन्या काचेच्या बल्बला थोडा जास्त दाब सहन होई. बल्बमधील तार तापली की तिचा रोध वाढतो आणि वाढणाऱ्या प्रवाहाला आळा बसतो. एलईडीचे वागणे याच्या उलट आहे. दाब थोडासा वाढला तरी त्यातला प्रवाह एकदम वाढतो. प्रवाह वाढला की एलईडी तापतो आणि तापला की आणखी प्रवाह ओढतो. नऊ व्होल्टच्या बॅटरीला लाल एलईडी सरळ जोडला, तर तो क्षणभर लख्ख पेटेल आणि कायमचा विझेल.

म्हणून एलईडीसोबत रोधक, म्हणजे रेझिस्टर, जोडावाच लागतो. तो प्रवाहाला लगाम घालतो. किती रोधाचा रेझिस्टर घ्यायचा, याचे गणित सोपे आहे. साध्या लाल एलईडीला सुमारे 2 व्होल्ट लागतात. त्यातून 20 मिलीॲम्पिअर, म्हणजे 0.02 ॲम्पिअर प्रवाह सतत जाऊ देणे सुरक्षित असते. बॅटरी 9 व्होल्टची आहे. 9 मधून 2 वजा केले की 7 व्होल्ट उरतात. 7 ला 0.02 ने भागले की 350 ओहम हे उत्तर येते. दुकानात त्याच्या वरचा 390 ओहमचा रेझिस्टर सहज मिळतो. तो जोडला की सुमारे 18 मिलीॲम्पिअर प्रवाह वाहतो आणि दिवा सुरक्षित राहतो.

आता रेझिस्टर कमी रोधाचा घेऊन प्रवाह 30 मिलीॲम्पिअर केला तर? उजेड थोडा वाढेल, पण डोळ्याला तो फरक फारसा जाणवणार नाही. प्रकाश दुप्पट झाला तरी आपल्या डोळ्याला तो दुप्पट वाटत नाही. उष्णता मात्र नक्की वाढते. अशा जाचात ठेवलेला एलईडी लगेच मरत नाही, दिवसेंदिवस मंद होत जातो. म्हणजे आज मिळवलेल्या थोड्या उजेडाची किंमत आपण उद्याच्या अंधाराने देतो.

मग उपाय काय? वरच्या गणितातच तो दडलेला आहे. 9 व्होल्टपैकी एलईडीला 2 व्होल्ट मिळाले. उरलेले 7 व्होल्ट रेझिस्टर तापवण्यात वाया गेले! त्याऐवजी तीन लाल एलईडी एकामागे एक, म्हणजे एकसरीत जोडा. तिघांना मिळून 6 व्होल्ट लागतील. उरलेल्या 3 व्होल्टना 0.02 ने भागले की 150 ओहम येतात. 150 ओहमचा रेझिस्टर जोडला की तिन्ही एलईडींमधून तोच 20 मिलीॲम्पिअर प्रवाह जातो. बॅटरीवरचा भार जवळजवळ तेवढाच राहतो आणि प्रकाश मिळतो तिप्पट! जी वीज उष्णता होऊन वाया जात होती, तिचाच हा उजेड आहे.

दुसरा उपाय प्रकाशाला दिशा देण्याचा. काही एलईडींचा प्रकाश अरुंद झोतात पडतो, तर काहींचा चहूकडे पसरतो. अरुंद झोताचा एलईडी समोरून फार तेजस्वी दिसतो, पण बाजूने मंद. सायकलीच्या दिव्यात मधला एलईडी सरळ मागे आणि बाजूचे दोन जरा तिरपे बसवले, तर वळणावरही सायकल दिसते. एलईडींच्या मागे चकचकीत पत्रा लावावा. वरचे प्लॅस्टिकचे झाकण रोज पुसावे, कारण धुळीने बराच उजेड अडतो.

तिसरा उपाय उष्णता दूर नेण्याचा. एक वॉटचे किंवा त्याहून मोठे एलईडी ॲल्युमिनिअमच्या पत्र्यावर बसवतात. पत्रा उष्णता ओढून हवेत सोडतो. घरातील अनेक एलईडी दिव्यांच्या आतही असा धातूचा भाग असतो. म्हणून असे दिवे हवा खेळणार नाही अशा बंद जागी लावू नयेत.

आणखी एक युक्ती ऐकायला मिळते. एलईडी सतत न पेटवता फार वेगाने चालू-बंद करायचा आणि चालू असताना जास्त प्रवाह द्यायचा. अनेक साधे एलईडी असे अगदी क्षणिक झटके सोसतात. पण इतक्या वेगाची उघडझाप डोळ्याला दिसत नाही. डोळा सरासरी उजेडच पाहतो. दहापैकी नऊ भाग वेळ दिवा बंद असेल, तर झटक्याचा जादा उजेड त्या सरासरीतच विरून जातो. सायकलीचा दिवा सावकाश लुकलुकत ठेवणे मात्र उपयोगी पडते. त्याने लक्ष वेधले जाते आणि बॅटरीही वाचते.

हे प्रयोग करताना दोन गोष्टी पाळा. घरातल्या 230 व्होल्टच्या विजेला हे जोडकाम कधीही लावू नका, बॅटरीच वापरा. तेजस्वी एलईडीकडे जवळून टक लावून पाहू नका. जोडताना एलईडीचा लांब पाय बॅटरीच्या धन टोकाच्या बाजूला येईल, हेही ध्यानात ठेवा.

बैलाला चाबूक मारून गाडी थोडा वेळ जोरात पळते, पण लांबचा पल्ला गाठायचा तर दुसरा बैल जोडावा लागतो. एलईडीचेही तसेच आहे. एकावर जुलूम करण्यापेक्षा तिघांना नीट वागवले, तर रस्ता अधिक उजळतो आणि सायकलस्वार सुखरूप घरी पोहोचतो.