पीसीआरमधला ‘पी’

‘नर्सने शिरातून रक्त घेतले.’ गणपतीच्या दिवसांत हाती आलेल्या एका प्रुफात हे वाक्य सापडले. हवे होते ‘शिरेतून’. मात्रेच्या जागी काना पडला आणि रक्त थेट डोक्यातून निघाले! दिवाळी अंकात अशी चूक राहिली तर वाचक हसून पान उलटतो. शरीरात इतक्यावर भागत नाही. हिमोग्लोबिनच्या जनुकात एका ठरावीक जागी ‘ए’ऐवजी ‘टी’ हे अक्षर पडले, आणि तसे जनुक आई आणि वडील दोघांकडून आले, तर सिकलसेलचा आजार होतो. गडचिरोली, नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांना तो नवा नाही. कधी काळी झालेली एका अक्षराची चूक तिथे आजही इमानेइतबारे उतरवली जाते आहे.

उतरवणाऱ्याचे नाव पॉलिमरेज. करोनाच्या काळात ‘आरटी-पीसीआर’ हा शब्द भाजीवाल्यापासून सरपंचापर्यंत सगळ्यांच्या तोंडी होता. त्यातला ‘पी’ याचाच.

पॉलिमरेज हे विकर आहे, म्हणजे एन्झाइम. डीएनएचे दोन पदर उकलले की ते एका पदरावरून सरकत जाते आणि समोरचे अक्षर पाहून जोडीचे अक्षर लावते. ‘ए’समोर ‘टी’, ‘जी’समोर ‘सी’. आकार अर्धवट मिटलेल्या उजव्या हातासारखा. त्याच्या भागांना शास्त्रज्ञ खरोखरच तळवा, बोटे आणि अंगठा म्हणतात. योग्य अक्षर आत आले की बोटे मिटतात आणि ते जोडले जाते. चुकीचे आले तर मूठ नीट बसत नाही. या गड्याच्या खोडीही आहेत. कोऱ्या जागी त्याला सुरुवात करता येत नाही, दुसऱ्या कोणी तरी आधी चार अक्षरे घालून द्यावी लागतात. शिवाय लिहिणार एकाच दिशेने. डीएनएचे पदर मात्र परस्परविरुद्ध दिशांचे, त्यामुळे एक पदर सलग उतरतो आणि दुसरा तुकड्यातुकड्यांनी. हे तुकडे जपानमधल्या नागोयाच्या रेइजी आणि त्सुनेको ओकाझाकी या दांपत्याने 1960च्या दशकात शोधले.

वेगाचा हिशेब पाहण्यासारखा आहे. आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय जिवाणूचा डीएनए सुमारे 46 लाख अक्षरांचा. पॉलिमरेज सेकंदाला सुमारे 1,000 अक्षरे लिहिते आणि काम एका जागेपासून दोन्ही बाजूंना चालते, म्हणून चाळीसेक मिनिटांत प्रत तयार. माणसाच्या पेशीत वेग सेकंदाला 50च्या आसपास. आपले सर्वांत मोठे गुणसूत्र जवळजवळ 25 कोटी अक्षरांचे. एका टोकाकडून लिहायला बसले तर दोन महिने लागतील. म्हणून पेशी हजारो जागी एकदम काम सुरू करते आणि साधारण आठ तासांत उरकते.

इतक्या घाईत चुका होणारच. नुसत्या निवडीवर सोडले तर लाखात एखादे अक्षर चुकते. पण पेशीतल्या मुख्य पॉलिमरेजला खोडरबर जोडलेले असते. चुकीचे अक्षर बसले की ते थबकते, मागे येते, तेवढेच कापते आणि पुन्हा लिहिते. त्यातून निसटलेल्या चुका दुरुस्तीची वेगळी टोळी टिपते. शेवटी अब्जात एखादी उरते. ज्ञानेश्वरी शके 1212ची. तिच्या प्रतींतले अपपाठ काढून एकनाथांनी शुद्ध प्रत सिद्ध केली ती शके 1506मध्ये. पेशीला इतकी सवड नसते. ज्या घराण्यांत ही दुरुस्तीची टोळी जन्मतः अधू असते, त्यांच्यात मोठ्या आतड्याचा कर्करोग तरुणपणीच गाठू शकतो.

ही सारी माहिती सरळ हाती आलेली नाही. आर्थर कोर्नबर्ग यांनी 1956मध्ये ई. कोलायमधून पहिले डीएनए पॉलिमरेज मिळवले, 1959मध्ये नोबेल घेतले, आणि नक्कल करणारे विकर हेच, असे सगळे धरून चालले. जॉन केर्न्स यांना ते पटेना. त्यांच्या सहायक पॉला डी लुशिया यांनी जिवाणूंच्या वसाहती एकेक करून तपासायला घेतल्या. हजारो झाल्या. 3,478 क्रमांकाच्या वसाहतीत कोर्नबर्ग यांचे विकर जवळपास नव्हतेच, तरी जिवाणू मजेत वाढत होते! अतिनील किरणांपुढे मात्र ते टिकेनात. म्हणजे नोबेलविजेते विकर मुख्यतः डागडुजी करणारे निघाले. हे 1969 साली प्रसिद्ध झाले. त्या जनुकाला ‘पोल-ए’ नाव मिळाले, त्यात ‘पॉला’ लपलेली आहे. खरा नक्कलकार, तिसरे पॉलिमरेज, सापडला तो कोर्नबर्ग यांचेच चिरंजीव टॉमस यांना. ते जुलियार्ड या संगीतशाळेत चेलो शिकत होते. बापाची बाजू सावरायला मुलगा वाद्य ठेवून प्रयोगशाळेत शिरला, हे मला नोबेलपेक्षा मोठे वाटते.

विषाणूंकडे यावे तर कारभार उलटा. बहुतेक आरएनए विषाणूंच्या नक्कलकाराकडे खोडरबरच नसते. एचआयव्हीचे विकर आरएनएवरून डीएनए लिहिते, म्हणजे उलटी नक्कल. असे विकर असू शकते हे टेमिन आणि बाल्टिमोर या शास्त्रज्ञांनी 1970मध्ये वेगवेगळे दाखवले. ‘आरटी-पीसीआर’मधले ‘आरटी’ ते हेच. सुमारे दहा हजार अक्षरांच्या मजकुरात ते दर तीनेक प्रतींमागे एक चूक करते. बऱ्याच प्रती वाया जातात, पण एखादी औषधालाही दाद देत नाही. म्हणून 1987मध्ये आलेले एझेडटी एकटे पुरले नाही. हे औषध ‘टी’ अक्षराचा वेष घेऊन येते, पण त्याला पुढचे अक्षर जोडायला आकडाच नसतो. लिखाण तिथेच खुंटते. पुढे तीन औषधे एकत्र देऊ लागले तेव्हा विषाणूला आवर बसला. करोना या बाबतीत वेगळा. त्याचा मजकूर जवळपास 30,000 अक्षरांचा, आरएनए विषाणूंत फारच लांब. त्याने स्वतःचे खोडरबर बाळगले आहे.

आता चाचणीकडे. नाकातून घेतलेल्या नमुन्यातला आरएनए आधी उलटा उतरवतात, मग पॉलिमरेजकडून फेऱ्याफेऱ्यांनी त्याच्या प्रती काढतात. प्रत्येक फेरीत डीएनए 95 अंशांच्या आसपास तापवून त्याचे पदर सोडवतात. साधे पॉलिमरेज त्या उष्णतेत अंड्यासारखे शिजते. अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यातून टॉमस ब्रॉक आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांनी 1966मध्ये एक जिवाणू गोळा केला होता, त्याचे ‘टॅक’ पॉलिमरेज मात्र टिकते. तीस फेऱ्यांत एका तुकड्याचे शंभर कोटींवर तुकडे होऊ शकतात. गंमत अशी की टॅककडेही खोडरबर नाही. चाचणीत उतरवायचा तुकडा शंभर-दोनशे अक्षरांचा, तेवढ्याला ते चालते. जिथे अक्षर न्‌ अक्षर बिनचूक हवे असते तिथे प्रयोगशाळा खोडरबरवाले दुसरे पॉलिमरेज मागवते, आणि त्याचे जास्त पैसे मोजते.