थंडीत रंग चढणारे सेडम

आपल्या पानफुटीच्या कुळातलंच सेडम. पानं तशीच रसाळ, पण बर्फाखाली हिवाळा काढून वसंतात पुन्हा तरारणाऱ्या याच्या जाती आहेत. युरोप-अमेरिकेतल्या थंड भागात घरापुढे चार फूट मोकळी जागा असेल, तर लावून बघावं.

सर्वांत सोपी ‘अँजेलिना’. बोटभर उंचीचा गालिचा, उन्हाळ्यात लिंबासारखा पिवळा. थंडी पडली की शेंडे नारिंगी, मग तांबूस. हिवाळ्यात उरलेली बाग मातकट झालेली असताना हा रंग डोळ्यांत भरतो. ‘ड्रॅगन्स ब्लड’ नावाला जागणारी, लालसर कडांची. मात्र हिवाळ्यात तिची बरीच पानं गळतात, मागे लाल शेंड्यांच्या काटक्या उरतात. वर्षभर जमीन झाकलेली हवी असेल तर अँजेलिनाच बरी. ‘केप ब्लँको’च्या रुपेरी पानांवर भुकटीसारखा थर असतो. बोट लावलंत तर ठसा उमटतो, म्हणून कौतुक लांबूनच करावं!

उंच हवी तर ‘ऑटम जॉय’: दोन फुटांपर्यंत, कळ्या थेट ब्रोकोलीसारख्या, फुलं आधी गुलाबी, मग विटकरी. वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिला आता सेडममधून काढून ‘हायलोटेलेफियम’मध्ये टाकलंय, नर्सरीवाले मात्र जुनंच नाव चालवतात.

सेडम मरतं ते बहुधा थंडीनं नव्हे, मुळाशी साचलेल्या पाण्यानं. मातीत खडी मिसळा आणि शेणखताचा हात आखडता घ्या. खत जास्त झालं की ‘ऑटम जॉय’ फुलांच्या भारानं मधोमध फाकून आडवी पडते.