बरोबरीत सुटलेला डाव आणि संगणकाचा आकडा

बुद्धिबळाचा डाव बरोबरीत सुटला की बघे उठून जातात. मला मात्र असेच डाव संगणकापुढे मांडून तपासण्याचा नाद लागला आहे. त्याला कारण १६ नोव्हेंबर २०१८ रोजी लंडनमध्ये झालेला जगज्जेतेपदाच्या सामन्यातील सहावा डाव. पांढरी मोहरी मॅग्नस कार्लसनची, काळी फॅबियानो कारुआनाची. ८० खेळ्या झाल्या आणि बरोबरी मान्य झाली.

संगणक प्रत्येक स्थितीला आकडा देतो तो प्याद्याच्या मापात. अधिक एक म्हणजे पांढऱ्याचे सुमारे एका प्याद्याइतके वर्चस्व, उणे एक म्हणजे तेवढेच काळ्याचे, शून्य म्हणजे समसमान. पण हा काही थर्मामीटरचा पारा नव्हे. संगणक पुढच्या खेळ्या व त्यांची उत्तरे मोजत जातो आणि जिथे थांबतो तिथल्या स्थितीची किंमत ठरवतो. आणखी खोल गेला की तोच आकडा बदलतो. शिवाय कित्येकदा आकडा मोठा दिसतो, पण बचावाच्या तटबंदीत शिरायला वाटच नसते.

या डावाच्या अखेरीस काळ्याकडे एक मोहरे जास्त होते, पांढऱ्याकडे त्याच्या बदल्यात प्यादी. तटबंदी भक्कम वाटत होती. नॉर्वेतील ‘सेसे’ या बलाढ्य संगणकाने मात्र अडुसष्टाव्या खेळीला काळ्याचा विजय दाखवला : उंट एच-४, आणि पुढे घोडा जी-१! कारुआना दुसरेच खेळला. जिंकलेला डाव घालवला, असे मी मित्रांना ठणकावून सांगितले.

मग पट मांडून बसलो. जी-१ वरून घोड्याला तीनच घरे, आणि पांढरा उंट जी-४ वर येऊन ती तिन्ही रोखतो. घोडा कोंडला! पण काळा राजाची एक मुकाट खेळी करतो आणि पाळी पांढऱ्यावर येते. ‘मी खेळत नाही’ म्हणण्याची सोय बुद्धिबळात नाही. जे हलवावे त्याने बचाव ढिला होतो. हे उमगायला मला दोन संध्याकाळ लागल्या, तेही उत्तर समोर असताना. आपलाच घोडा राजीखुशीने असा कोंडून घेणारा माणूस मिळणार नाही, असे गॅरी कास्पारॉव यांनीही म्हटले होते. मी माझे शब्द मागे घेतले.

बाराव्या डावाची गोष्ट निराळी. तेथे काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या कार्लसनची बाजू वरचढ असल्याचे संगणकाविनाही दिसत होते, घड्याळातही त्याच्याकडे वेळ अधिक होता. तरी एकतिसाव्या खेळीला त्याने बरोबरी देऊ केली. त्याला दोष देणे मला रास्त वाटते. जलदगती डाव त्याने दोन दिवसांनी ३-० असे जिंकले, हे आकड्याला कुठून ठाऊक असणार?

हल्ली मी आधी माझा अंदाज वहीत लिहितो आणि मगच संगणक उघडतो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतील माझ्या एका डावापुढे मी ‘सोपी बरोबरी’ असे लिहिले होते. मी काळा. संगणकाने उणे तीन दाखवले. हत्ती सरळ सातव्या घरात न्यायचा होता, एवढेच. हे मात्र मला दिसायला हवे होते.