छपरावरची वीज आणि कायद्याचा आधार

शुक्रवारी माग बंद असतात, पण ऊन पडतेच. छपरावर सौर पॅनेल बसवले आणि त्या दिवशीची वीज वाया गेली, तर भांडवल वसूल कसे होणार? आमच्या कारागीर बंधूंच्या या प्रश्नाचे उत्तर बाजारात नाही, कायद्यात आहे.

२००३ च्या केंद्रीय वीज कायद्याने अपारंपरिक विजेला उत्तेजन देण्याचे काम राज्यांच्या वीज नियामक आयोगांवर सोपवले. महाराष्ट्र आयोगाने २०१५ साली नेट मीटरिंगचे नियम केले. जास्तीची वीज कंपनीच्या तारेवर जाते, मीटर तिची नोंद घेतो आणि तेवढे युनिट बिलातून वजा होतात.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने असा कायदा १९८३ सालीच केला होता. २०१३ साली तेथे आणखी एक सोय झाली. स्वतःचे छप्पर नसलेल्यानेही सामाईक सौर प्रकल्पात हिस्सा घ्यावा आणि त्याची वजावट आपल्या बिलात मिळवावी.

आम्हाला हा मुद्दा मोलाचा वाटतो. भाड्याच्या वा पागडीच्या गाळ्यातल्या दुकानदाराचे छप्पर मालकाच्या ताब्यात असते. तेव्हा पॅनेल घेण्यापूर्वी मालकाची लेखी संमती घ्यावी. वीजदर ठरवताना आयोग ग्राहकांच्या सूचना व हरकती मागवतो. तेथे आपल्या व्यापारी मंडळांनी भाडेकरूंची बाजू लेखी मांडावी. मागितल्याशिवाय कायदा बदलत नाही.