सात आइसलँडांचा जिल्हा

यवतमाळ जिल्ह्याचं क्षेत्रफळ १३,५८२ चौरस किलोमीटर. युरोपातल्या माँटेनेग्रो या स्वतंत्र देशाचं १३,८१२. फरक अवघा २३० चौरस किलोमीटरांचा. यवतमाळच्या १६ तालुक्यांची सरासरी काढली, तर एका तालुक्याच्या पाव हिश्शाहून जरासा जास्त.

माणसं मोजायला लागलं की मात्र बरोबरी संपते. माँटेनेग्रोत सव्वासहा लाखांच्या आसपास लोक राहतात. २०११ च्या जनगणनेत यवतमाळ जिल्ह्यात २७,७२,३४८ लोक होते. एवढी माणसं हवी असतील तर लिथुआनियाकडे जावं लागतं. २०१९ साली त्या अख्ख्या देशाची लोकसंख्या २८ लाखांच्या किंचित आत होती. आइसलँडची त्याच वर्षी सुमारे ३ लाख ५७ हजार. आता आपल्या जिल्ह्यातले विधानसभा मतदारसंघ घ्या: वणी, राळेगाव, यवतमाळ, दिग्रस, आर्णी, पुसद, उमरखेड. लोकसंख्येला सातने भागलं तर वाट्याला येतात ३ लाख ९६ हजार. म्हणजे यवतमाळातला सरासरी आमदार आइसलँडच्या पंतप्रधानापेक्षा जास्त माणसांना जबाबदार असतो.

मग एक खेळ करून पाहू. ईशान्येला वर्धा नदी आणि दक्षिणेला पैनगंगा यांच्यामधल्या या मुलखाला घटकाभर देश मानू आणि २०१९ हे एकच वर्ष त्याच्या राष्ट्रीय वार्षिकीत लिहू.

जानेवारी ते मे

वर्ष उघडलं साहित्याने. ११ ते १३ जानेवारीला यवतमाळात ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. यवतमाळने याआधी संमेलन पाहिलं होतं ते १९७३ साली, ग. दि. माडगूळकर अध्यक्ष असताना. मधे ४६ वर्षं गेली. या वेळी अध्यक्षपद अरुणा ढेरे यांच्याकडे, तेही निवडणूक न होता, एकमताने. ९२ संमेलनांत अध्यक्षपदावर बसलेल्या त्या पाचव्या स्त्री. कुसुमावती देशपांडे, दुर्गा भागवत, शान्ता शेळके आणि विजया राजाध्यक्ष या आधीच्या चौघी.

उद्घाटनाला आधी बोलावणं होतं लेखिका नयनतारा सहगल यांना. विरोधाचे सूर उठले आणि आयोजकांनी ते मागे घेतलं. गदारोळ महाराष्ट्रभर झाला, अनेक लेखकांनी संमेलनाकडे पाठ फिरवली, आणि न झालेलं ते भाषणही लोकांनी वाचलं. अखेर उद्घाटन केलं वैशाली येडे यांनी. कळंब तालुक्यातल्या राजूर गावच्या, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी. पुढे बरोबर तीन महिन्यांनी, ११ एप्रिलला, लोकसभेच्या मतदानयंत्रावर त्यांचं नाव उमेदवार म्हणून होतं.

मधल्या १९ मार्चला राज्यात ठिकठिकाणी लोकांनी एक दिवसाचा अन्नत्याग केला. १९८६ साली याच तारखेला महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने बायको आणि चार लेकरांसह आयुष्य संपवलं होतं. कोणत्याही देशाच्या दिनदर्शिकेत ही तारीख ठळक छापली गेली असती.

लोकसभेचं गणित तर देश म्हणून मांडायला फारच अवघड. हा एक जिल्हा तीन लोकसभा मतदारसंघांत वाटलेला आहे. राळेगाव, यवतमाळ, दिग्रस आणि पुसद हे यवतमाळ-वाशिममध्ये; वणी आणि आर्णी चंद्रपुरात; उमरखेड हिंगोलीत. त्यामुळे एकाच जिल्ह्याने दोन वेगळ्या तारखांना मत दिलं: सहा विधानसभा क्षेत्रांनी ११ एप्रिलला, उमरखेडने १८ एप्रिलला. २३ मे रोजी निकाल लागला तेव्हा यवतमाळ-वाशिममधून शिवसेनेच्या भावना गवळी सलग पाचव्यांदा खासदार झाल्या. त्यांना मिळालेली मतं ५ लाख ४० हजारांवर, आइसलँडमधल्या तान्ह्या बाळांसकट सगळ्या लोकसंख्येहून कितीतरी जास्त. हिंगोलीही शिवसेनेकडे गेली. चंद्रपुरात मात्र बाळू धानोरकर जिंकले, आणि राज्यातल्या ४८ पैकी काँग्रेसला मिळालेली ती एकमेव जागा ठरली. तीन खासदारांत जिल्ह्याचा हिस्सा आहे, पूर्ण स्वतःचा एकही नाही.

जून ते डिसेंबर: एक प्रवासी

देशाच्या वार्षिकीत परदेश दौऱ्यांचं एक पान असतं. यवतमाळचं हे पान एका वाघाने भरलं. पांढरकवड्याजवळचं टिपेश्वर अभयारण्य सुमारे १४८ चौरस किलोमीटरांचं. तिथल्या टी१-सी१ या तरुण नराच्या गळ्यात फेब्रुवारीत रेडिओ कॉलर बसवली होती. जूनमध्ये तो निघाला. शेतं, नाले, महामार्ग ओलांडत, तेलंगणात शिरून परत येत, डिसेंबरमध्ये बुलडाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. कॉलरने नोंदवलेलं अंतर १,३०० किलोमीटरांहून अधिक, जवळपास मुंबई ते दिल्ली रेल्वेमार्गाएवढं. भारतात नोंदला गेलेला वाघाचा हा तोवरचा सर्वांत लांबचा प्रवास. हक्काचा मुलूख शोधायला त्याला एवढं चालावं लागलं, कारण जन्माचं जंगल मोठ्या झालेल्या वाघांना पुरत नव्हतं.

पऱ्हाटीचा हिशेब

आता या देशाचं अर्थखातं. यवतमाळात कापसाचा पेरा चार लाख हेक्टरांहून अधिक असतो. चारच लाख धरू. ४,००० चौरस किलोमीटर झाले. लक्झेंबर्ग हा पूर्ण देश २,५८६ चौरस किलोमीटरांचा आहे. जगभर मिळून कापूस साधारण सव्वातीन-साडेतीन कोटी हेक्टरांवर असतो. म्हणजे पृथ्वीवरच्या कापसाच्या दर ऐंशीएक एकरांतला एक एकर यवतमाळचा.

दोन ओळींत तीन फूट आणि दोन झाडांत दोन फूट, म्हणजे ९० बाय ६० सेंटिमीटर, असं अंतर धरलं तर हेक्टरी साडेअठरा हजार झाडं बसतात. चार लाख हेक्टरांवर ७४० कोटी. २०१९ मध्ये जगाची लोकसंख्या ७७० कोटींच्या घरात होती. पृथ्वीवरच्या जवळजवळ प्रत्येक माणसामागे यवतमाळात एक पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं झाड, उभी होती, असं म्हणायला हरकत नाही.

कोरडवाहू झाडाला वीस बोंडं धरा. जिल्ह्यात १४,८०० कोटी बोंडं झाली, म्हणजे १४८ अब्ज. आपल्या आकाशगंगेत १०० ते ४०० अब्ज तारे असावेत, असा खगोलशास्त्रज्ञांचा अंदाज आहे. ताऱ्यांना कुणी हात लावत नाही. इथलं प्रत्येक बोंड मात्र हाताने वेचलं जातं, आणि वेचणारे हात बहुतेक बायांचे असतात. एका बोंडात साधारण चार ग्रॅम कापूस निघतो. क्विंटलभर कापूस म्हणजे पंचवीस हजार बोंडं. दिवसाला पन्नास किलो वेचणारी बाई ओटीत साडेबारा हजार बोंडांचा कापूस गोळा करते, तेही कंबरेत वाकून, पानं-काड्या बाजूला सारत.

२०१९-२० च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ५,५५० रुपये होता. पंचवीस हजारांनी भागा. एका बोंडाचे २२ पैसे. बियाणं, खत, फवारणी, डवरणी, निंदण, वेचणी आणि घरचं मनुष्यबळ, सगळं त्या २२ पैशांतून भागवायचं.

ऑगस्ट ते डिसेंबर

३० ऑगस्टला पोळा झाला, गावोगाव झडत्या रंगल्या. २९ सप्टेंबरला घट बसले. यवतमाळकर अभिमानाने सांगतात की, कोलकात्यानंतर दुर्गोत्सव पाहावा तर आमचाच. त्या नऊ रात्री शहर झोपत नाही. २०१९ मध्ये त्याच दिवसांत विधानसभेचे अर्ज भरले जात होते. २१ ऑक्टोबरला मतदान झालं. सातपैकी पाच जागा भाजपला, दिग्रस शिवसेनेला, पुसद राष्ट्रवादीला. त्यानंतर मुंबईत जे घडलं ते सगळ्यांना ठाऊक आहे: १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट, २३ ला पहाटेचा शपथविधी, २८ ला दुसरा शपथविधी.

त्याच सुमारास शेतात पाऊस थांबत नव्हता. सोयाबीनच्या शेंगांना कोंब फुटले, फुटलेली बोंडं झाडावरच भिजून काळी पडली. राज्यात मंत्रिमंडळ नव्हतं, म्हणून मदत राज्यपालांनी जाहीर केली: खरीप पिकांना हेक्टरी ८,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत.

आठ हजार हा आकडा ऐकायला लहान नाही. तो साडेअठरा हजार झाडांत वाटला की एका झाडाला ४३ पैसे येतात. हमीभावाने दोन बोंडांची किंमत. झाडावर बोंडं होती वीस.

डिसेंबरात, २१ तारखेला, नव्या सरकारने दोन लाख रुपयांपर्यंतची पीककर्जमाफी जाहीर केली, आणि ३० तारखेला दिग्रसचे संजय राठोड मंत्री झाले. वार्षिकी इथे संपते.

बेरीज

या मुलखाचे मोठे आकडे देशाच्या मापाचे आहेत: माणसं लिथुआनियाएवढी, जमीन माँटेनेग्रोएवढी, कापूस दीड लक्झेंबर्गएवढा. लहान आकडे मात्र पैशांत मोजावे लागतात. या दोन टोकांच्या मधे जो आकडा असायला हवा तो आहे प्रतिनिधित्वाचा, कारण २२ पैसे आणि ४३ पैसे यांचा जाब कुणीतरी सभागृहात उभं राहून विचारावा लागतो.

लिथुआनियाच्या संसदेत १४१ सदस्य बसतात, दर वीस हजार माणसांमागे एक. यवतमाळचे विधानसभेत २८८ पैकी सात. सार्वभौम संसदेशी जिल्ह्याची तुलना सरळ होत नाही, हे खरं. म्हणून २०१९ मधल्या जिल्हा परिषदेचे ६१ सदस्यही त्यात मिळवू. बेरीज ६८ होते. लिथुआनियाच्या मापाने मोजलं, तर यवतमाळच्या वतीने बोलायला अजून ७३ माणसं यायची आहेत.