डोह, जाळं आणि कोयनेचं पाणी

सांगलीत कृष्णेच्या पाण्यात होडी घालण्याआधी हल्ली एक आकडा विचारला जातो: कोयनेतून किती सोडलंय? धरणाच्या पायथा वीजगृहातला एक संच चालू असेल तर १,०५० क्युसेक, दोन्ही चालू असतील तर २,१००. आकडा कळला की हरिपूरच्या किंवा डिग्रजच्या काठावरचा जुना माणूस घरी बसूनच अंदाज बांधतो की पाणी इथवर पोचल्यावर जाळं ताठ उभं राहील की ओढीने आडवं पडेल. मासेमारीचं निम्मं काम असं काठावरच, कोरड्या पायांनी उरकतं.

समुद्रावरची रीत निराळी. रत्नागिरी-मालवणकडे छोट्या होडीतून गेदर किंवा कुपा धरायचा तर होडी मासळीच्या मागे पळवावी लागते. वर पक्षी घिरट्या घालताना दिसले आणि खाली पाणी खदखदू लागलं की माशांच्या थव्याच्या कडेकडेने चमकता गळ ओढत न्यायचा. थव्याच्या मधून होडी घातली तर मासा खाली बुडी मारतो. गेदर ट्यूनाच्या कुळातला. कल्ल्यांतून पाणी वाहतं राहावं म्हणून त्याला जन्मभर पोहत राहावं लागतं, त्यामुळे त्याची धाव मोठी आणि भूकही मोठी. लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर जिवंत बारीक मासे पाण्यात फेकून असा थवा होडीशी खेळवतात आणि काठीला बांधलेल्या गळाने एकेक मासा उचलून आत घेतात. ती सगळी मासेमारी माशाच्या वेगावर उभी आहे.

कृष्णेत थवा दिसत नाही. पाणी गढूळ, तळ काळ्या कातळाचा आणि गाळाचा, आणि मासा आपापल्या थरात फिरणारा. इथे जाळं एका जागी उभं राहतं आणि मासा त्याच्याकडे येतो. तो कुठून येईल, किती खोलीवरून येईल आणि किती मोठा असेल, हे तीन अंदाज आधी बांधावे लागतात. ते चुकले तर रात्रभर जाळं रिकामं भिजतं.

होडी म्हणावी तर फार मोठी नसते. लाकडी, पत्र्याची किंवा अलीकडे फायबरची, दोन माणसं आणि जाळ्याचा ढीग मावेल एवढी. ज्याच्याकडे तीही नाही तो ट्रकच्या चाकाची हवा भरलेली ट्यूब घेतो किंवा थर्माकोलचे तुकडे पोत्यात आवळून त्यावर बसतो. गुऱ्हाळावरची काहील तर या भागात कितीतरी वर्षं नदी ओलांडायला वापरली गेली आहे. गूळ करायची लोखंडाची ती थोराड, पसरट कढई पाण्यात टाकली की तरंगते, पण तिला पुढचं-मागचं तोंड नसल्याने वल्हवताना ती स्वतःभोवती फिरत राहते. काहिलीत बसून जाळं सोडायचं तर हातात फार वर्षांची सवय लागते. पाण्यावरची ही हुशारी नदीकाठच्या गावांत नुसती पोटापुरती नाही. पावसाळ्यात सांगलीच्या नदीत होड्यांच्या शर्यती लागतात तेव्हा काठावर गर्दी उसळते.

होडीत दोघं असले की काम वाटून घेतलेलं असतं. पाहणाऱ्याला वाटतं, जाळं टाकणारा मुख्य. प्रत्यक्षात वयाने मोठा माणूस बहुधा वल्ह्यावर असतो, कारण होडी कुठून कशी न्यायची यातच सारं काही आहे. तरुण पोरगा मागच्या टोकाला उकिडवा बसून जाळं सोडत जातो. जाळ्याची वरची दोरी बुचांची, खालची शिशाच्या मण्यांची. दोन्ही एकमेकींत अडकू नयेत म्हणून आदल्या दिवशीच त्या वेगवेगळ्या बाजूंना रचून ठेवलेल्या असतात. हे रचणं एकट्याने सावलीत बसून केलं तर चांगलाच वेळ खातं, आणि इथे केलेला आळस अंधारात पाण्यावर फेडावा लागतो. पहिलं टोक काठच्या करंजाच्या मुळीला किंवा पाण्यात टाकलेल्या दगडाला बांधायचं आणि होडी नदीच्या आडव्या अंगाने, किंचित तिरकी, हळू न्यायची.

“आण्णा, वढ लागलीया,” असं मागून आलं की वल्हं थांबतं. “आरं, मग सैल सोड की,” एवढंच उत्तर.

सैल सोडणं महत्त्वाचं. ताणून बांधलेल्या जाळ्याला मासा धडकतो आणि परत फिरतो. ढिलं जाळं त्याच्याबरोबर थोडं आत जातं, डोकं आसातून, म्हणजे जाळ्याच्या घरातून, पार होतं, पण मागचा रुंद भाग अडतो. मासा मागे सरायला बघतो तेव्हा तंगुसाचा, म्हणजे नायलॉनचा, धागा कल्ल्यांच्या मागे रुततो. हे सगळं आसाच्या मापावर आहे. आसात किती बोटं जातात यावरून जाळं ओळखलं जातं. मोठ्या आसाच्या जाळ्यातून लहान मासा निसटतो, बारीक आसाच्या जाळ्याला मोठा मासा नुसता नाक घासून जातो. बारीक आसाची जाळी वापरून पिल्लंसुद्धा उपसणारे लोक नदीवर आहेत आणि त्यांच्यावर राग काढणारे सगळ्यात आधी तिथलेच जुने भोई असतात. तो राग रास्त आहे. बोटाएवढा कटला आज विकून चहापाण्याचे पैसे येतात; तोच चांगलं खाणं मिळालं तर वर्षभरात किलोभराचा होऊ शकतो.

आता थराची गोष्ट. कटला वरच्या पाण्यात खातो, त्याचं तोंडच वर वळलेलं असतं. रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी. म्हणून कटल्यासाठी बुचं जास्त आणि शिसं कमी लावून जाळं वर तरंगतं ठेवतात. मृगळासाठी शिसं वाढवून ते तळाला टेकवतात. हे तिन्ही मासे मुळात कृष्णेचे नाहीत, गंगेच्या खोऱ्यातले. १९५७ साली हिरालाल चौधरी यांनी ओडिशात कार्प माशांचं प्रेरित प्रजनन यशस्वी केलं, त्यानंतर त्यांचं बीज देशभर सोडता आलं. धरणांत आणि तळ्यांत सोडलेल्या बीजातलं काही पुराबरोबर नदीत उतरतं. आफ्रिकेतून १९५२ च्या सुमारास भारतात आलेली चिलापीही आता इथलीच होऊन बसली आहे. ती काठाजवळ तळात खळगा करून राहते, अंडी तोंडात सांभाळते आणि पाठीच्या काट्यांनी जाळ्याचा असा गुंता करते की ती सोडवण्यापेक्षा जाळं कापलेलं बरं वाटावं. इथली मूळची मासळी वेगळी: खडकांच्या कपारीतला वाम, वनस्पतींच्या आडोशाला दबा धरणारा मरळ, मोठ्या जबड्याचा शिवडा, काट्यांनी हात फाडणारा शिंगटा, आणि डोहातला महसीर. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या माशांचं वर्णन केलं, त्यात हा महसीरही आहे. आज सांगलीच्या बाजारात तो दिसणं दुर्मीळ. वाम आणि मरळ मात्र आले की हातोहात जातात. आंध्रातून बर्फात येणाऱ्या तळ्यातल्या माशापेक्षा ‘नदीचा’ म्हटलं की गिऱ्हाईक दोन पैसे जास्त मोजतं.

जाळं दिवस बुडताना टाकायचं आणि फटफटायच्या आत काढायचं. तंगुसाचा धागा पाण्यात दिसत नाही असं म्हणतात, पण चांदण्यात तो चमकतो. म्हणून अवसेच्या बाजूच्या रात्री पसंत केल्या जातात. दिवसा करायचंच असेल तर डोहाच्या एका अंगाला जाळं अर्धवर्तुळात लावून उरलेल्या बाजूने वल्ह्याने पाणी बडवत यायचं, म्हणजे घाबरलेला मासा जाळ्याकडे पळतो. त्यात दमछाक फार आणि गाळ ढवळला जातो, पण लग्नसराईत अचानक मागणी आली तर हाच उपाय.

काढणीची वेळ सगळ्यात नाजूक. होडी पुन्हा त्याच टोकाला नेऊन वरची दोरी हातात घ्यायची आणि जाळं होडीत न ओढता होडीच जाळ्याखालून पुढे सरकवायची. मासा ज्या दिशेने आत घुसला त्याच दिशेने पुढे ढकलून काढायचा; मागे खेचला तर कल्ला फाटतो, रक्त येतं, मासा लवकर उतरतो. उन्हाळ्यात पाणी कोमट झालेलं असतं, तेव्हा मध्यरात्री एकदा फेरी मारावीच लागते, नाहीतर संध्याकाळी अडकलेला मासा सकाळपर्यंत मऊ पडतो.

मध्यरात्रीच्या फेरीला दुसरंही कारण आहे. औदुंबर, भिलवडी, आमणापूर, डिग्रज या पट्ट्यात मगरी आहेत. जाळ्यात फडफडणारा मासा त्यांना लांबून कळतो, आणि मासा खाताना जाळं फाटतं. हजारोंचं जाळं एका रात्रीत चिंध्या होतं. मगरीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं पूर्ण संरक्षण आहे, आणि ते असायलाच हवं. पण फाटलेल्या जाळ्याचा भार एकट्या मच्छीमाराने उचलावा हे बरोबर नाही. थंडीत मगरी उन्हाला काठावर पडलेल्या दिसतात, तेव्हा त्यांच्या जागा लक्षात ठेवून जाळं दूर लावता येतं. पावसाळ्यात तेही चालत नाही.

पावसाळ्याचा विषय निघालाच आहे तर चढणीच्या माशांबद्दल बोलायला हवं. मृगाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर मासे अंडी घालायला ओढ्यांतून वर चढतात. गाभोळीने फुगलेला मासा उथळ पाण्यात हातानेही धरता येतो आणि गावोगावी लोक धरतातही. नदीवर पोट असणारे जाणते त्या आठवड्यांत जाळी वाळत घालतात. नंतर पाणी इतकं चढतं की होडी काढण्याचा प्रश्नच उरत नाही. सांगलीत १९२९ साली बांधून झालेल्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांवर इशारा पातळी आणि ४५ फुटांवर धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं होतं. त्याच पुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसांनी खच्चून भरलेली बोट उलटली आणि अनेक जीव गेले. लहान नावेत किती वजन घ्यायचं हे मच्छीमाराला मासळीच्या ढिगावरून कळत असतं. पुराच्या घाईत त्याचा सल्ला घ्यायला कोणी थांबत नाही.

उरलेले महिने नदी माणसांच्या वेळापत्रकावर वाहते. कोयनेच्या शिवसागर जलाशयाची क्षमता १०५ टीएमसीच्या घरात, त्यातलं ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी दरवर्षी सह्याद्रीच्या बोगद्यांतून पोफळीकडे वळतं, वीज करून वाशिष्ठीत उतरतं आणि दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळतं. पूर्वेला सोडलेलं पाणी कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेत येतं. तिथून खाली टेंभू, ताकारी, म्हैसाळ या योजनांचे पंप ते उचलून आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, जतच्या कोरड्या रानांना देतात. त्या रानांना पाणी मिळालंच पाहिजे. पण पंप जोरात चालू असताना पात्र खाली जातं, काल डोह असलेली जागा आज गुडघाभर होते आणि तळाचं जाळं चिखलात रुतून बसतं. बंधाऱ्यांचे बरगे घातले की वरच्या बाजूला पाणी साचून संथ होतं, चिलापी वाढते. बरगे काढले की खालच्या अंगाला धार लागते आणि वर चढू पाहणारा मासा तिथे गोळा होतो. तिथे जाळं लावणं सोपं, मात्र धारेजवळ होडी नेणं जिवावरचं.

पाण्याचा रंग आणि वास हा आकड्यांपलीकडचा अंदाज. मार्च-एप्रिलमध्ये पात्र रोडावलेलं असताना कारखान्यांचं आणि शहरांचं सांडपाणी मिसळलं की पाणी तांबूस-काळं पडतं, फेस धरतं, त्यातला प्राणवायू संपतो आणि मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीजवळ मेलेल्या माशांचा खच पडला. लोकांनी तो टोपल्या भरभरून नेलासुद्धा. नदीवरचा माणूस अशा पाण्यातला मासा उचलत नाही. त्याचं नुकसान त्या दिवसापुरतं नसतं. पुढे कितीतरी दिवस बाजारात गिऱ्हाईक ‘नदीचा’ शब्द ऐकून पुढच्या पाटीकडे वळतं, आणि जाळ्याच्या आसाला अजून दोन बोटं कमी पडणारा जो कटला त्याने पावसाळ्यानंतर मुद्दाम सोडून दिला होता, तोही त्या खचातच असतो. मासे कशाने मेले हे पाहायला नमुने प्रयोगशाळेकडे जातात. नमुने घेणाऱ्यांच्या होडीत, पाणी कुठून काळं झालं हे रात्री पाण्यावर असल्यामुळे आधी पाहिलेल्या मच्छीमाराला जागा द्यायला हवी.