हॅरिस बेटाच्या पायवाटांवर

ग्लासगोत राहणारी आमची मोठी आपा गेली कित्येक वर्षे बोलावत होती. शाळेच्या सुट्ट्या, परीक्षेचे पेपर, घरची दुखणी-खुपणी यांतून जमत नव्हते. दोन वर्षांपूर्वी अब्बांचा इंतकाल झाला आणि मग मात्र ठरवले की आता जायचेच. मे महिन्याच्या अखेरीस आम्ही नवरा-बायको आणि नववीतली लेक असे तिघे निघालो. ग्लासगो पाहून झाल्यावर भाचा म्हणाला, "खाला, शहरे तर सगळीकडे सारखीच. तुम्हाला हॅरिसला नेतो. तिथे चालायचे."

"चालायचे म्हणजे?" आम्ही विचारले.

"म्हणजे चालायचेच. डोंगरावर, समुद्राकाठी."

नकाशात पाहिले तर स्कॉटलंडच्या वायव्य टोकापलीकडे, अटलांटिक महासागरात, लुईस आणि हॅरिस. नावे दोन असली तरी बेट एकच, स्कॉटलंडमधले सर्वांत मोठे. उत्तरेचा लुईस भाग बराचसा सपाट आणि दलदलीचा, दक्षिणेचा हॅरिस खडकाळ आणि डोंगराळ. ग्लासगोहून मोटारीने स्काय बेटावरच्या ऊग बंदरापर्यंत दिवस गेला. तिथून बोटीने पावणेदोन तासांत टारबर्ट गावी उतरलो. रस्त्यावरच्या पाट्यांवर गावाचे नाव आधी गेलिक भाषेत, खाली इंग्रजीत. घरात एक, बाजारात दुसरी आणि शाळेत तिसरी भाषा बोलणाऱ्या आमच्यासारख्यांना ते पाहून बरे वाटले.

डोंगर लहान, पण...

हॅरिसचा सर्वांत उंच डोंगर म्हणजे क्लिशम, उंची ७९९ मीटर. आपले कळसूबाई १६४६ मीटरचे, म्हणजे हा त्याच्या निम्म्याहूनही कमी. लेकीने लगेच नाक मुरडले. भाचा मात्र गंभीर होता. इथे उंची माणसाला अडवत नाही, हवा अडवते, असे तो म्हणाला. अटलांटिकवरून येणाऱ्या वाऱ्याला मध्ये आडवे येणारे काही नाही. सकाळी ऊन, दुपारी धुके, तासाभरात पाऊस आणि भर जूनमध्ये माथ्यावर हात बधिर करणारी थंडी.

त्याने आम्हाला एक जुना हिशेब शिकवला. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो १८९२ मध्ये मांडला. सपाटीवर दर पाच किलोमीटरला एक तास धरायचा आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास मिळवायचा. रस्त्यापासून क्लिशमच्या माथ्यापर्यंत अंतर अडीच किलोमीटरच्या आसपास, चढ साधारण साडेसहाशे मीटर. फळ्यावर मांडावे तसे आम्ही वहीत मांडले. उत्तर आले दीड-पावणेदोन तास. नवखे म्हणून ते दुप्पट केले. साडेदहाला निघायचे आणि दोन वाजता जिथे असू तिथून मागे फिरायचे, असे ठरले. "माथा दिसत असला तरी?" लेकीने विचारले. "दिसत असला तरी," भाचा म्हणाला.

शनिवारी निघालो. सुरुवातीची वाट ओल्या गवताची. खाली पीट, म्हणजे हजारो वर्षे कुजत साठलेल्या शेवाळ-गवताची काळी माती. पाय टाकावा तर स्पंजासारखा आत जातो. इथले लोक हीच माती विटांसारखी कापून, वाळवून चुलीत जाळत आले. वर गेल्यावर गवत संपते आणि करड्या, पट्ट्यापट्ट्यांच्या दगडांचा ढीग सुरू होतो. हा लुईशियन नाइस. यातला काही खडक तीनशे कोटी वर्षांपूर्वीचा आहे, युरोपातल्या सर्वांत जुन्या खडकांपैकी एक. त्यावर हात ठेवून लेक थोडा वेळ गप्प उभी राहिली.

पावणेदोनला धुके आले. आधी समुद्र गेला, मग समोरचा डोंगर, मग दहा पावलांवरची आपा. भाच्याने घड्याळ दाखवले. "अब्बू, शंभरच मीटर राहिलेत!" लेक रडवेली झाली. तिच्या अब्बूंचीही इच्छा दिसत होती. इतक्या लांबून आलो, पुन्हा कधी येणार? क्षणभर आम्हीही डगमगलो. पण ठरले ते ठरले. होकायंत्र हातात धरून भाचा पुढे झाला आणि आम्ही उतरू लागलो.

अर्ध्या वाटेवर धुके उठले आणि मागे वळून पाहिले तर माथा लख्ख उन्हात. लेकीने आमच्याकडे असे पाहिले की शाळेत एखाद्या मुलीने पाहिले असते तर आम्ही रागावलो असतो. पण पुढच्याच उतारावर ओल्या पीटवरून तिच्या अब्बूंचा पाय घसरला आणि घोटा मुरगळला. हाडाला काही झाले नाही, अल्लाहचे शुक्र. तरी उरलेल्या तासाभराच्या वाटेला तीन तास लागले. दोघांच्या खांद्यांवर हात टाकून, दर वीस पावलांना थांबत ते उतरले. हाच घोटा माथ्यावरच्या दगडांत, धुक्यात मुरगळला असता तर? त्या रात्री लेकीने स्वतःहून चहा करून आणला. बोलली काही नाही.

रविवार

दुसरा दिवस रविवार. हॅरिस-लुईसचे बहुतेक लोक प्रेस्बिटेरियन ख्रिश्चन आणि रविवार पाळण्यात कडक. स्टॉर्नोवेहून रविवारची बोट सुरू झाली तीसुद्धा २००९ मध्ये, आणि तेव्हा तिला विरोधही झाला. दुकाने बहुतेक बंद. आम्ही उतरलो होतो त्या घरच्या आजींनी आदल्या दिवशीच संकोचत सांगितले, "उद्या कपडे बाहेर वाळत घालू नका, शेजाऱ्यांना बरे वाटणार नाही." आम्ही म्हटले, "यात संकोच कसला? आमच्याकडेही जुम्याच्या वेळी दुकानाची फळी पडते."

मग त्यांनीच विचारले की तुम्ही नमाज कोणत्या दिशेला पढता? गावी आपला किबला पश्चिमेला. इथून मक्का आग्नेयेला. त्यांनी आग्नेयेच्या खिडकीजवळची खुर्ची हलवून जागा करून दिली. जूनमध्ये इथे रात्री साडेदहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे मगरिब आपल्याकडच्या झोपेच्या वेळी. स्टॉर्नोवेत मे २०१८ मध्ये, रमजानच्या तोंडावर, एक लहानशी मशीद सुरू झाली, या बेटसमूहातली पहिली. इथे काही मुस्लिम कुटुंबे कित्येक दशके राहत आहेत, पण तोपर्यंत त्यांना मशीद नव्हती.

शवपेटीची वाट

सोमवारी पाय दुखणाऱ्यांना लस्केंटायरच्या किनाऱ्यावर बसवले. पांढरीशुभ्र वाळू, आतले पाणी फिरोजी रंगाचे आणि समोर टॅरन्से बेट. फोटोत पाहिले तर कोणी लक्षद्वीप म्हणेल. पाण्यात पाय घातला की भ्रम जातो. वाळूच्या मागे माखेर, म्हणजे शिंपल्यांच्या वाळूने सुपीक झालेले गवताळ रान. डेझी आणि पिवळ्या फुलांनी ते भरले होते. शेजारीच कब्रस्तान आहे, समुद्राकडे तोंड करून.

आपा, लेक, भाचा आणि आम्ही तिथून जवळच्या जुन्या वाटेने डोंगराच्या खिंडीकडे निघालो. ही वाट पश्चिम किनाऱ्याला पूर्वेच्या 'बेज' भागाशी जोडते. तिला शवपेटीची वाट म्हणतात. का, ते चालता चालता भाच्याने सांगितले.

एकोणिसाव्या शतकात इथल्या जमीनमालकांना मेंढ्यांत जास्त पैसा दिसला. पश्चिमेच्या सुपीक रानातून कुळांना हुसकावले. कित्येक जण समुद्रापार गेले. उरलेल्यांतले बरेच पूर्वेच्या खडकावर जाऊन राहिले. खिंड ओलांडल्यावर तो भाग समोर आला आणि आम्ही थबकलो. जिकडे पाहावे तिकडे उघडा दगड, मध्ये काळी तळी. त्या दगडाच्या सांदीकोपऱ्यांत गवताळ वरंबे दिसत होते. लोकांनी किनाऱ्यावरून समुद्री शेवाळ पाठीवर वाहून आणले, त्यात पीट मिसळून दगडावर माती तयार केली आणि बटाटे लावले. इतके कष्ट करूनही एका गोष्टीपुरती माती त्यांना मिळाली नाही. मेलेले माणूस पुरण्याइतकी खोली त्या भागात कुठेच नव्हती. म्हणून पूर्वेला कोणी वारले की पेटी खांद्यावर घेऊन, डोंगर ओलांडून, पश्चिमेला आणायची. जिथून हाकलले तिथेच, मेल्यावर.

डोंगराळ स्कॉटलंडात अशा वाटांवर पेटी टेकवून विसावा घेतला की तिथे दगड रचायची चाल होती. खिंडीतल्या अशाच एका दगडांच्या ढिगाजवळ आपा बसली.

अब्बा गेले तेव्हा आमच्या गावी मृगाचा पाऊस कोसळत होता. फजरला गेले, असरनंतर दफन. आपाला फोन केला तेव्हा तिने एवढेच विचारले, "थांबाल का?" आम्ही थांबलो नाही. विमान दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचणार होते. मय्यत ताटकळत ठेवू नये, हे तिलाही ठाऊक होते. ती आली तेव्हा ओली माती होती, दीदार नव्हता. त्यावर आम्हा बहिणींत दोन वर्षांत एक शब्द झाला नव्हता. फोनवर रोज बोलायचो, पण ते सोडून.

आपा म्हणाली, "जांभ्यात कबर खणायला किती वेळ लागला?"

आम्ही सांगितले. पहारी वाकल्या. पाणी भरत होते. मोहल्ल्यातली पोरे आळीपाळीने उतरत होती. कोणी कंटाळले नाही. जनाजा निघाला तेव्हा गावातले शिंदे काकाही खांदा द्यायला पुढे झाले. हे सगळे तिला कोणी सांगितलेच नव्हते. आम्ही समजत होतो की सांगितले तर तिला दुखेल. ती समजत होती की आम्हाला सांगायचे नाही.

"तू रागावली असशील," आम्ही म्हटले.

"रागावले होते. तुमच्यावर नाही, विमानावर." मग ती हसली आणि रडली. लेकीने एक दगड उचलून ढिगावर ठेवला. आपाने हात उचलले. आम्ही अब्बांसाठी आणि त्या वाटेने नेल्या गेलेल्या, नाव माहीत नसलेल्या माणसांच्या लेकरांसाठीही दुआ मागितली.

जाणार असाल तर

मे आणि जून हे महिने चांगले. त्यानंतर मिज नावाची बारीक चिलटे फार सतावतात. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने बहुतेक मोकळ्या रानातून जबाबदारीने चालण्याचा हक्क सर्वांना आहे. फाटके बंद करावीत, मेंढ्यांना बिचकवू नये. घोट्यापर्यंतचे पक्के बूट, पाण्याला न दाद देणारे जाकीट, लोकरी टोपी, कागदी नकाशा आणि होकायंत्र हवेच; फोनवर विसंबू नये. हलाल मांस आम्ही ग्लासगोहून बर्फाच्या पेटीत नेले. एरवी मासे मुबलक. वजूसाठी ओढे आहेत, पाणी फार थंड. आणि मागे फिरण्याची वेळ घरून निघतानाच ठरवावी.

परतीच्या बोटीवर लेक मागे वळून क्लिशमकडे पाहत होती. माथा पुन्हा ढगात गेला होता. "पुढच्या वेळी," ती म्हणाली. आपा म्हणाली, "आधी मी गावी येते. अब्बांच्या कबरीजवळ बसायचे आहे, घाई न करता."

यंदा दिवाळीच्या सुट्टीत ती येते आहे, इन्शाअल्लाह.